गाडी मुक्कामाला असते तिथे वीज द्या

प्रति,
मा. मंत्री, अवजड उद्योग मंत्रालय, भारत सरकार
मा. परिवहन मंत्री आणि मा. ऊर्जा मंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : मालवाहू गाड्यांच्या यार्डात चार्जिंगची सोय उभारण्यासाठी अनुदान मिळण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

मोशी-चाकण पट्ट्यात आमचा छोट्या मालवाहू गाड्यांचा व्यवसाय आहे. वडिलांनी तो एका डिझेल टेम्पोवर उभा केला, आता मी बघते. कारखान्यांचे सुटे भाग, किराणा मालाचे खोके, औषधे, असे जे मिळेल ते आम्ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये पोचवतो. गाड्या अठरा आहेत. त्यातल्या सात विजेवर चालतात. उरलेल्या अकराही विजेवर न्याव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. बँक कर्ज द्यायला तयार आहे, चालक तयार आहेत, माल देणाऱ्या कंपन्या तर आता कंत्राटातच इलेक्ट्रिक गाड्या मागतात. तरीही ते होत नाही, आणि त्याचे कारण तुमच्या योजनेच्या कागदांत आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून उघडपणे लिहिते आहे.

पीएम ई-ड्राइव्ह ही इलेक्ट्रिक वाहनांना प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना १०,९०० कोटी रुपयांची. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती लागू झाली आणि पुढे तिची मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढवली गेली. त्यातले २,००० कोटी रुपये चार्जिंगच्या सोयीसाठी राखलेले आहेत. ते कुणाला कसे द्यायचे याच्या सूचना सप्टेंबर २०२५ मध्ये निघाल्या. मी त्या आशेने वाचल्या. सरकारी कार्यालय, रुग्णालय, शिक्षणसंस्था यांच्या आवारात सर्वांना खुला चार्जर बसवला तर १०० टक्के अनुदान. रेल्वे स्थानक, विमानतळ, सरकारी तेल कंपन्यांचे पंप, बस स्थानक इथे वीजपुरवठ्याच्या कामाला ८० टक्के आणि चार्जरला ७० टक्के. मॉल, बाजारसंकुल, महामार्गाच्या कडेला पुरवठ्याच्या कामाला ८० टक्के. मालवाहू गाड्या रात्री ज्या यार्डात उभ्या राहतात, त्या यार्डाचा रकाना त्यात कुठेच नाही. योजना सार्वजनिक चार्जिंगची आहे आणि आमचे यार्ड सार्वजनिक नाही, म्हणून आम्ही तिच्या बाहेर.

पण धंद्याची गाडी चार्ज होते कुठे, हा प्रश्न हे ठरवताना विचारला गेला होता का? मोटार घेऊन फिरणाऱ्याला वाटेत चार्जर लागतो, कारण आज तो कुठे जाईल हे ठरलेले नसते. आमचे सगळे ठरलेले असते. गाडी सकाळी यार्डातून निघते, ठरलेल्या फेऱ्या करते आणि रात्री यार्डात येते. दिवसाला ऐंशी ते शंभर किलोमीटर. रात्रीचे आठ-नऊ तास ती एका जागी उभी असते. त्या वेळात साध्या संथ चार्जरवर ती सकाळपर्यंत भरते. त्यासाठी महागडा वेगवान चार्जर लागत नाही, रांग लावावी लागत नाही, चालकाला जागावे लागत नाही. लागते ती फक्त यार्डात पुरेशी वीज.

ती किती, हे सांगते. बाजारातल्या एका नेहमीच्या छोट्या चारचाकी इलेक्ट्रिक टेम्पोची बॅटरी २१.३ युनिटांची आहे. घरगुती पद्धतीच्या ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर ती साडेसहा-सात तासांत भरते. सात गाड्या एकदम लावल्या की २३ किलोवॅट होतात, तेवढे आमच्या आजच्या जोडणीवर कसेबसे निभते. अठरा गाड्या म्हणजे ६० किलोवॅट. त्यात एखादी मोठी गाडी आली आणि तिच्यासाठी ३० किलोवॅटचा एक चार्जर लावला, की ९०. आमच्या गल्लीतल्या डीपीवर, म्हणजे वीजवाटपाच्या ट्रान्सफॉर्मरवर, आधीच लहान वर्कशॉप, वजनकाटा आणि पिठाची गिरणी आहे. तिथे एवढा भार मिळू शकत नाही. मग नवा ट्रान्सफॉर्मर, तिथपर्यंतची उच्चदाब वाहिनी, केबल, पॅनेल, अर्थिंग, विद्युत निरीक्षकांची मंजुरी. कंत्राटदाराने याचा जो अंदाज दिला, तो जवळपास एका नव्या इलेक्ट्रिक टेम्पोच्या किमतीएवढा आहे. त्यात चार्जर धरलेले नाहीत. चार्जर हा या सगळ्यातला स्वस्त भाग आहे.

हाच खर्च मॉलवाल्याने केला तर ८० टक्के सरकार देते. तोच ट्रान्सफॉर्मर, तीच केबल, तोच निरीक्षक. फरक एवढाच की मॉलच्या चार्जरवर कधी कोण येईल ते सांगता येत नाही, आणि आमच्या यार्डातला प्रत्येक पॉइंट रोज रात्री भरलेला असेल.

आता यार्डात सोय नसली तर काय होते ते ऐका. डिझेलच्या छोट्या टेम्पोला आमच्याकडे किलोमीटरला साडेपाच-सहा रुपये इंधन लागते. यार्डात रात्री भरलेल्या इलेक्ट्रिक गाडीला दोन-सव्वादोन रुपये. हा फरक आहे म्हणूनच जास्त किमतीची गाडी घेऊन हप्ते भरणे परवडते. पण तीच गाडी बाहेरच्या वेगवान चार्जरवर नेली की युनिटला अठरा-वीस रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. किलोमीटरचा खर्च साडेचार-पाच रुपयांवर जातो. चार्जरपर्यंतची रिकामी फेरी आणि रांगेतला वेळ धरला तर डिझेलशी बरोबरी होते. घरात चूल मांडू द्यायची नाही आणि रोज खानावळीत जेवा म्हणायचे, असे हे आहे. आणि रांगेत थांबतो कोण? बारा तास गाडी चालवून आलेला चालक. तो रात्री दहा वाजता पंपावरच्या चार्जरपाशी स्टीअरिंगवर डोके ठेवून बसतो आणि पहाटे पुन्हा गाडी काढतो. त्याच्या बायकोचे फोन मला येतात. रस्ता सुरक्षेच्या सभांमध्ये ज्या थकव्याबद्दल बोलले जाते, तो थकवा इथे तयार होतो.

दुसरी गोष्ट दराची. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या सौरऊर्जेच्या वेळेत पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दर असावा, आणि बाकीच्या वेळेत १.३ पट. त्यामागचा विचार मला पटतो. दुपारी सौरवीज मुबलक असते, ती वापरली जावी. पण ९ ते ४ या वेळात माझी एकही गाडी यार्डात नसते. त्या वेळात ती भाडे कमावत असते. म्हणजे आमच्यासारख्यांसाठी या दररचनेचा अर्थ दुपारच्या पावणेदोन पटीहून महाग वीज, आणि ती टाळण्याचा कोणताही मार्ग आमच्या हातात नाही. मध्यरात्रीनंतर वीजमागणी उतरलेली असते, तेव्हा हळूहळू गाड्या भरणाऱ्या यार्डाला आणि संध्याकाळी सातला ऐन गर्दीच्या वेळी चार्जरला जोडलेल्या मोटारीला एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

तिसरी गोष्ट माझ्यासारख्या छोट्या गाड्यांच्या मालकांना सर्वांत जास्त लागते. जुलै २०२५ मध्ये पीएम ई-ड्राइव्हमधून ई-ट्रकसाठी प्रोत्साहन जाहीर झाले. एका ट्रकला ९.६ लाख रुपयांपर्यंत, सुमारे ५,६०० ट्रकना. त्या वेळी मंत्रालयाच्या पत्रकात म्हटले होते की डिझेल ट्रक एकूण वाहनांत ३ टक्के असले तरी वाहतुकीतल्या हरितगृह वायूंत त्यांचा वाटा ४२ टक्के आहे. निर्णय चांगलाच आहे. पण तो साडेतीन टनांवरच्या ट्रकपुरता. तीनचाकीसाठी योजनेत वेगळी तरतूद केली गेली. मधला साडेतीन टनांच्या आतला चारचाकी टेम्पो, जो शहराच्या प्रत्येक गल्लीत माल उतरवतो, त्याला पीएम ई-ड्राइव्हमध्ये गाडीसाठीही काही नाही आणि यार्डासाठीही काही नाही. महाराष्ट्राच्या इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२५ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी मिळाली, तीही प्रवासी मोटारी आणि बसना. मालवाहू गाड्यांना नाही. महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे त्याच धोरणाने ठरवले आहे. चांगले आहे, लांबच्या गाड्यांना ते लागेलच. पण चाकणहून हडपसरला जाणाऱ्या टेम्पोला महामार्गावरच्या चार्जरचा काय उपयोग?

राज्याच्या २०२१ च्या धोरणात मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद आणि अमरावती या सहा शहरांत शेवटच्या टप्प्यातल्या मालवाहतुकीच्या २५ टक्के गाड्या २०२५ पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट लिहिलेले होते. ती मुदत उलटून गेली. त्या गाड्या रात्री कुठे आणि कशाच्या जोरावर चार्ज होणार होत्या?

डेपोत वीज लागते हे सरकारला माहीत नाही, असे मी म्हणूच शकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या पीएम ई-बस सेवा योजनेत बसगाड्यांसोबत डेपोचा विकास आणि डेपोतल्या वीजपुरवठ्याची सोय यांसाठीही तरतूद केली गेली. १ जून २०२२ ला एसटीची शिवाई ही इलेक्ट्रिक बस पुण्याहून अहमदनगरला निघाली, त्यानंतर राज्यातल्या आगारांत चार्जिंगची कामे होताना आपण पाहतो आहोत. आगाराला वीज नसेल तर इलेक्ट्रिक बस घेऊन उपयोग नाही, हे बसच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून मान्य आहे. मग टेम्पो आणि ट्रकच्या बाबतीत ते मान्य व्हायला अडचण काय? दुसऱ्या देशांतही हे ओळखले गेले आहे. ब्रिटन सरकारने जुलै २०२५ मध्ये फक्त डेपोतल्या चार्जिंगसाठी ३ कोटी पौंडांची योजना काढली. ट्रक, व्हॅन आणि खासगी बस चालवणाऱ्यांना त्यातून आपापल्या डेपोत चार्जर आणि त्यामागची स्थापत्य कामे करण्यासाठी पैसे देऊ केले, एका संस्थेला १० लाख पौंडांपर्यंत. सार्वजनिक चार्जरसाठी त्यांच्याकडेही योजना आहेत; डेपोची त्यांनी वेगळी काढली.

यावर मला एक उत्तर नेहमी ऐकायला मिळते. लोकांच्या पैशाने खासगी यार्डात ट्रान्सफॉर्मर का बसवायचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याला मी टाळणार नाही. एक तर ई-ट्रकचे ९.६ लाख रुपये खासगी मालकाच्या गाडीलाच मिळतात, कारण धूर कमी होण्याचा फायदा सगळ्यांना होतो. यार्डाचेही तेच आहे. दुसरे म्हणजे, अनुदानातून बसलेला ट्रान्सफॉर्मर आणि वाहिनी माझ्या नावावर करू नका. ती वीज वितरण कंपनीच्या मालकीची राहू द्या. गल्लीतल्या वर्कशॉपनाही त्याचा लाभ होईल आणि मी उद्या ही जागा सोडली तरी पुढच्याला ती सोय मिळेल. आमच्यातले बहुतेक जण भाड्याच्या जागेत आहेत, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. मालक करार वाढवील की नाही याची खात्री नसताना दुसऱ्याच्या जमिनीत दहा लाख रुपये पुरायला कोण धजेल? वितरण कंपनीच्या मालकीने हा प्रश्नही सुटतो. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : आमचे यार्ड दिवसा रिकामे असते. ९ ते ४ हीच ती वेळ, जेव्हा वीज स्वस्त आहे आणि सौरवीज वापरली जावी असे तुम्हाला वाटते. त्या वेळात यार्डातले पॉइंट शेजारच्या ई-रिक्षा, डिलिव्हरीच्या दुचाकी, दुसऱ्या वाहतूकदाराच्या गाड्या यांना खुले ठेवण्याची अट घाला. आम्ही ती आनंदाने पाळू. दिवसा सार्वजनिक आणि रात्री मुक्कामाच्या गाड्यांसाठी, असा चार्जर दोन्ही वेळा उपयोगी पडेल. आज तशी सोय सूचनांत कुठेही नाही.

आणखी एक. आम्हाला थेट अर्जच करता येत नाही. चार्जिंगचे प्रस्ताव राज्यांनी योजनेसाठी नेमलेल्या (नोडल) संस्था, मंत्रालये, सरकारी कंपन्या यांच्यामार्फत जातात. मोठी वाहतूक कंपनी मुंबई-दिल्लीत माणूस बसवून पाठपुरावा करू शकते. देशातले बहुतेक ट्रक-टेम्पो मालक एकापासून पाच गाड्यांचे आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना यार्डही नाही. निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, कळंबोली, भिवंडीच्या गोडाउनांचा पट्टा, इथे जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावून चालक तिच्यातच झोपतो. त्यांच्यासाठी यार्डाला अनुदान देऊनही भागणार नाही, सामाईक यार्ड लागेल.

कराचाही थोडा विचार व्हावा. इलेक्ट्रिक गाडीवर आणि तिच्या चार्जरवर ५ टक्के जीएसटी आहे. पण ट्रान्सफॉर्मर, केबल आणि पॅनेलवर १८ टक्के. आमच्यासारखे जे मालवाहतुकीवर ५ टक्के जीएसटीचा पर्याय घेतात त्यांना तो कर वजा करून मिळत नाही, तो खर्चातच जातो.

दिल्ली परिसरात हवेच्या गुणवत्तेच्या आयोगाने १ जानेवारी २०२६ पासून डिलिव्हरी आणि ई-कॉमर्सच्या ताफ्यांत नव्या पेट्रोल-डिझेल गाड्या घेण्यास मनाई केली. अशी सक्ती उद्या पुणे-मुंबईतही येऊ शकते. आली तर मी तिच्या विरोधात रस्त्यावर उतरणार नाही. माझ्या चालकांच्या मुलांना तीच हवा मिळते. पण सक्तीच्या आधी यार्डात वीज आली पाहिजे. नाहीतर ज्यांच्याकडे स्वतःची जमीन आणि उच्चदाब जोडणी आहे अशा मूठभर मोठ्या कंपन्या टिकतील आणि बाकीचे त्यांच्याकडे भाड्याने गाडी चालवतील.

आमच्या मागण्या अशा आहेत :

१. पीएम ई-ड्राइव्हच्या २,००० कोटींतून मालवाहू आणि कंत्राटी प्रवासी गाड्यांच्या यार्डांसाठी स्वतंत्र हिस्सा राखावा आणि मॉलला मिळते तसे वीजपुरवठ्याच्या कामाला ८० टक्के अनुदान द्यावे. दिवसा ठरावीक वेळ चार्जर इतरांना खुला ठेवण्याची अट त्याला जोडावी.

२. पाच गाड्यांपासूनच्या मालकाला, आणि त्याहून लहान मालकांच्या गटाला किंवा सहकारी संस्थेला, थेट अर्ज करता यावा. अर्ज मराठीत असावा आणि किती दिवसांत निर्णय होईल ते त्यावर लिहिलेले असावे.

३. अनुदान काम संपल्यावर परतावा म्हणून न देता टप्प्याटप्प्याने थेट वितरण कंपनीला द्यावे. आधी सगळा खर्च करून वर्षभर वाट पाहण्याएवढे भांडवल लहान माणसाकडे नसते.

४. यार्डातल्या चार्जिंगसाठी मध्यरात्रीनंतरच्या तासांना वेगळा, कमी दर ठरवावा. भार आपोआप वाटून घेणारी यंत्रणा बसवणाऱ्याला त्यात आणखी सवलत द्यावी. राज्य सरकारने वीज नियामक आयोगापुढे ही बाजू मांडावी.

५. एमआयडीसीच्या मोकळ्या भूखंडांवर आणि अस्तित्वात असलेल्या ट्रक टर्मिनलवर सामाईक चार्जिंग यार्ड उभारावीत. त्यात चालकांसाठी झोपायची जागा, पाणी आणि शौचालय असावे. पहिली यार्ड चाकण, भिवंडी आणि कळंबोलीत व्हावीत.

६. साडेतीन टनांच्या आतल्या चारचाकी मालवाहू गाड्यांना केंद्राच्या योजनेत स्थान द्यावे आणि राज्याच्या टोलमाफीत इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांचा समावेश करावा.

या सहांपैकी एकच आज करता येणार असेल तर पहिली मागणी मान्य करा. तिच्यासाठी नवा पैसा लागत नाही. राखून ठेवलेल्या पैशाच्या सूचनांत एक रकाना वाढवावा लागतो. चाकण-मोशी भागातले वाहतूकदार आपापल्या यार्डांचा मंजूर भार, गाड्यांची संख्या आणि लागणारी वीज यांची माहिती एकत्र करायला तयार आहेत. तुमच्या अधिकाऱ्यांनी वेळ दिली तर ती घेऊन आम्ही मंत्रालयात येऊ. ते यार्ड पाहायला आले तर अधिक बरे. रात्री नऊनंतर यावे, तेव्हा सगळ्या गाड्या आत असतात.

कळावे,
आपली विश्वासू,
मोशी येथील एक मालवाहतूकदार